मंडळीत घरगट कसे उभे करायचे आणि ते का मोडतात: सविस्तर धागा

नगरी_सेवक

सर्वांना सलाम.

मंडळीतल्या, म्हणजे एका चर्चच्या सभासदांतल्या, शेजारशेजारच्या काही घरांनी कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला आणि शास्त्रवाचनाला जमायचं, याला कुठे घरसभा म्हणतात, कुठे एरिया प्रार्थना, जुन्या मंडळ्यांत अजून कॉटेज मीटिंग. या धाग्यात मी 'घरगट' हा शब्द वापरतो. रविवारच्या उपासनेला शंभर-सव्वाशे कुटुंबं असलेली, महाराष्ट्रातल्या मध्यम शहरातली मराठी मंडळी डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. कमी-जास्त करून खेड्यालाही लागू पडेल.

आधी हिशेब. १२० कुटुंबं आहेत. एका गटात सहा ते सात घरं, म्हणजे आठ ते बारा मोठी माणसं, हे चांगलं माप. त्या हिशेबाने सतरा-अठरा गट होतात आणि बहुतेक पास्टरेट कमिट्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समित्या) पहिल्याच बैठकीत अठरा गटांची यादी करून फलकावर लावतात. इथेच घोडं अडतं. प्रत्येक गटाला एक चालक आणि एक उपचालक धरला तर छत्तीस माणसं लागतात. तयारी असलेली सहा मिळाली तरी देवाचे आभार माना. सहा माणसं म्हणजे तीन गट. तीनच सुरू करा. उरलेल्या घरांना स्पष्ट सांगा की सहा महिन्यांनी तुमच्या भागात येऊ. यादीतले पंधरा गट कागदावरच राहिले की लोकांच्या मनात 'आमच्याकडे हे चालत नाही' अशी गाठ बसते. पुढच्या पाळकांनी (पास्टरांनी) पुन्हा प्रयत्न केला तरी ती सुटत नाही.

गट राहण्याच्या भागाप्रमाणे करा, मैत्रीप्रमाणे किंवा भावकीप्रमाणे नको. आपल्याकडे अर्धी मंडळी एकमेकांची सोयरी असते. नात्यावर गट बांधला तर नव्याने बदली होऊन आलेलं कुटुंब महिनोन्‌महिने पाहुणंच राहतं, आणि एका घरात लग्नावरून बोलाचाली झाली की अख्खा गट बसतो. शहराचा नकाशा घ्या, प्रत्येक घराला एक टिंब द्या. पंधरा मिनिटं चालून जाता येईल एवढ्या अंतरातली टिंबं एकत्र करा. रिक्षा करावी लागली की म्हातारी माणसं आणि तान्ह्या मुलांच्या आया आधी गळतात.

वेळ नव्वद मिनिटं, त्याच्या पुढे एक मिनिटही नाही. साडेसातला सुरू झालं तर नऊला आशीर्वाद. दोन गीतं, शास्त्राचा (बायबलचा) उतारा आणि त्यावर बोलणं चाळीस मिनिटं, प्रार्थना वीस-पंचवीस मिनिटं, शेवटी चहा. चहा आधी ठेवला तर उशिरा येणाऱ्यांसाठी पुन्हा पुन्हा आधण ठेवावं लागतं आणि घरची बाई सबंध वेळ स्वयंपाकघरातच राहते.

चहाबरोबर काय द्यायचं हा प्रश्न छोटा वाटतो, पण माझ्या मते शिकवणुकीतल्या मतभेदांनी मोडले नसतील इतके गट यावरून मोडले. पहिल्या घरी बिस्किटं असतात. दुसऱ्या घरी पोहे होतात, तिसऱ्या घरी बटाटेवडे आणि शिरा. पाचवं घर पत्र्याच्या एका खोलीचं असतं, घरातली बाई चार घरची धुणीभांडी करून आलेली असते. ती म्हणते, 'आमच्याकडे या महिन्यात नको, पाहुणे आहेत.' पुढच्या महिन्यात ती येतच नाही. म्हणून पहिल्याच दिवशी नियम सांगा: चहा आणि एकच कोरडी वस्तू, सर्व घरांना सारखीच. वाढदिवस असला तरी तेवढंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गट उभा राहतो तो वहीवर. दोनशे पानी साधी वही घ्या. रकाने पाच: घर, आले का, नाही आले तर कोण भेटलं, काय कळलं, काय केलं. नमुना म्हणून एका घराची नोंद अशी दिसते:

'८ तारीख, नाही. १५ तारीख, नाही. १६ला उपचालक भेटले. आजींचा गुडघा सुजलाय, तीन मजले उतरता येत नाहीत, सूनबाई त्यांना एकटं सोडून येत नाहीत. २२चा गट त्यांच्याच घरी.'

लागोपाठ दोनदा कुणी आलं नाही तर अठ्ठेचाळीस तासांत कुणीतरी प्रत्यक्ष दारात गेलंच पाहिजे. फोन चालत नाही, फोनवर सगळे 'बरं आहे' असंच म्हणतात. या एका कामासाठी गट असतो असं मी मानतो. रविवारी सव्वाशे कुटुंबांत एक बाक रिकामा राहिलेला कळत नाही, बारा माणसांत कळतो.

मेथडिस्ट_पुणे

नगरी_सेवक, वहीचा मुद्दा वाचून आमच्या परंपरेतली गोष्ट सांगावीशी वाटली, कारण ती नेमकी इथे बसते.

१७४२ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टल इथल्या प्रार्थनागृहाचं कर्ज फेडायचं होतं. प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यायची ठरलं. बारा-बारा माणसांचे 'क्लास' केले आणि एका पुढाऱ्याने दर आठवड्याला घरोघरी जाऊन ती पेनी गोळा करायची. गोळा करायला गेलेल्यांना दिसलं की कुणी दारूला लागलंय, कुणाच्या घरी भांडण आहे, कुणी आजारी आहे. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी हे ओळखलं आणि वर्गणीची ही व्यवस्था मेंढपाळाच्या, म्हणजे माणसांची काळजी घेण्याच्या, कामाला लावली. पुढे घरोघरी फिरण्याऐवजी सगळे एका ठिकाणी जमू लागले, म्हणजे क्लास मीटिंग सुरू झाली. थोडक्यात, आधी दारात जाणं आलं, बैठक नंतर. आपण उलटं करतो, आधी बैठक भरवतो आणि भेटी राहून जातात.

मुंबईतही अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर यांनी १८७१-७२ मध्ये असेच 'फेलोशिप बँड' घरांमधून सुरू केले होते. त्यातूनच तिथल्या मेथडिस्ट मंडळ्या उभ्या राहिल्या. इमारत नंतर आली.

एक दुरुस्ती सुचवतो. वही चालकाकडे नको, उपचालकाकडे द्या. चालकाचं लक्ष उताऱ्याकडे असतं. कोण आलं नाही हे ज्याला शिकवायचं नाही त्याला आधी दिसतं.

वसईकर

आम्ही कॅथलिक, त्यामुळे शब्द थोडे वेगळे. आमच्याकडे धर्मग्रामात (पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या भागात) 'लहान ख्रिस्ती समूह' असतात, आळीआळीप्रमाणे. आशियातल्या बिशपांच्या १९९० सालच्या बांडुंग इथल्या सभेने 'समूहांचा मिळून बनलेला समूह' अशी चर्चची कल्पना मांडली, त्यानंतर या कामाला आशियात मोठा जोर आला.

शुभवर्तमानावर (येशूच्या चरित्राच्या उताऱ्यांवर) बोलण्याची सात पायऱ्यांची पद्धत आहे, ती दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेतून आली. तुम्हालाही उपयोगी पडेल, कारण तिला प्रवचनकार लागत नाही.

पहिली, कुणीतरी एक जण साध्या शब्दांत प्रभूला आपल्यात बोलावतो. दुसरी, उतारा मोठ्याने वाचायचा. तिसरी, ज्याला जो शब्द किंवा जो तुकडा भिडला तो त्याने तेवढाच मोठ्याने म्हणायचा, मध्ये थोडी शांतता ठेवायची आणि उतारा पुन्हा एकदा वाचायचा. चौथी, काही मिनिटं पूर्ण शांत. पाचवी, मला काय ऐकू आलं ते सांगणं. सहावी, गटाने या आठवड्यात करायचं काम ठरवणं. सातवी, उत्स्फूर्त प्रार्थना.

चूक बहुतेक वेळा तिसऱ्या पायरीवर होते. एखादा शब्द म्हणून झाला की माणसं लगेच त्यावर बोलायला लागतात, मग ज्यांना बोलायचं धैर्य नाही ते गप्प होतात. चालकाने प्रेमाने थांबवायचं: 'आत्ता फक्त शब्द.' ज्या बाईने आयुष्यात चारचौघांत तोंड उघडलं नाही तीसुद्धा 'भिऊ नका' एवढे दोन शब्द म्हणते. पुढच्या वेळी ती आणखी बोलते. आणि सहावी पायरी सोडली तर गट नुसता प्रार्थना म्हणणारा होतो. त्यात अमुक आजीला शनिवारी दवाखान्यात कोण नेणार, इतकं ठोस काहीतरी ठरलं पाहिजे.

जागेबद्दल एक. आमच्या आळ्यांमध्ये तोंडाशी क्रूस असतो आणि मे महिन्यात तिथे लोक तसेही प्रार्थनेला जमतात. नवा समूह सुरू करायला तो महिना आणि ती जागा चांगली. कुणाच्या घरी जायचं हा संकोचच राहत नाही.

सुवार्ता_ताई

उताऱ्याच्या वाचनाबद्दल एक कळकळीची विनंती. 'आता प्रत्येकाने एक-एक वचन वाचूया' हे कृपा करून बंद करा.

गोल बसलेल्या बारा जणांत एक-दोघांना वाचता येत नसतं, किंवा अडखळत येतं, किंवा चष्मा घरी राहिलेला असतो. पाळी जवळ येते तशी ती व्यक्ती पदर सावरते, खोकते, पाणी आणायला उठते. पुढच्या आठवड्यात 'वेळ नव्हता' म्हणते. चालकाला शेवटपर्यंत कारण कळत नाही. वाचणारा एकच असावा, आदल्या दिवशी सांगून ठेवलेला, आणि त्याने उतारा दोनदा सावकाश वाचावा. बाकीच्यांनी पुस्तकं मिटून ऐकावं. यात आणखी एक फायदा आहे. कुणाकडे जुनं भाषांतर असतं, कुणाकडे सोप्या मराठीतलं, कुणाच्या मोबाइलवर तिसरंच. मग 'माझ्यात असं नाही' यातच दहा मिनिटं जातात.

प्रश्नही परीक्षेसारखे नकोत. 'पौल कोणत्या गावी गेला?' याला एकच उत्तर असतं आणि ते चुकलं की माणूस लाजतो. कोणता शब्द मनात राहिला, कुठे अडलं, या आठवड्यात यातलं काय करता येईल, हे तीन प्रश्न कोणत्याही उताऱ्याला पुरतात.

गीतांचंही तसंच. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक सगळ्यांकडे नसतं. ज्याचं ध्रुवपद दोनदा ऐकून म्हणता येतं असं भजन घ्या. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ओवी-अभंगाच्या वळणाने लिहिलं याचं मोल अशा खोलीत कळतं. पेटी नसली तरी टाळ आणि टाळ्या पुरतात.

नाशिकरोड_तरुणसंघ

एमआयडीसीतल्या लोकांचं काय करायचं? आमच्या भागात अर्धे पुरुष शिफ्टला असतात. एक आठवडा फर्स्ट, पुढचा सेकंड. गट बुधवारी ठेवला की दर दुसऱ्या बुधवारी चालकच गैरहजर.

नगरी_सेवक

@नाशिकरोड_तरुणसंघ, शेजारशेजारचे दोन गट घ्या. एक बुधवारी संध्याकाळी, दुसरा रविवारी उपासनेनंतर मंदिराच्या (चर्चच्या) आवारातच. दोघांचा उतारा त्या आठवड्यात एकच ठेवा. शिफ्टवाल्याने ज्याला जमेल त्याला यावं, पण नाव एकाच वहीत असावं, नाहीतर दोन्ही गटांना वाटतं की तो दुसरीकडे गेला असेल आणि कुणीच त्याच्या दारात जात नाही. चालक आणि उपचालक एकाच कारखान्यातले, एकाच शिफ्टचे नसावेत.

जुना_खजिनदार

पैशांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

गटात दानार्पण घेऊ नये हे माझं मत. दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) आणि अर्पण मंदिरात, पावतीसह. गटाला घ्यायचंच असेल तर तिथल्या तिथे सर्वांसमोर मोजावं, पाकिटावर रक्कम आणि दोघांच्या सह्या असाव्यात, आणि ते येत्या रविवारी खजिनदाराकडे जमा व्हावं. 'गटाचा फंड' म्हणून कुणाच्या कपाटात पैसे ठेवू नयेत. रक्कम चारशे रुपये असली तरी संशय चार हजारांचा येतो.

गटात भिशी लावू नका. भिशी वाईट नाही, गरिबाच्या फार कामी येते. पण ज्याचा हप्ता चुकला तो प्रार्थनेलाही यायचा थांबतो, कारण तिथे तीच बारा तोंडं समोर असतात. भिशी चालवायची तर वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसांत. उसनवारीलाही हेच लागू. गरज खरी असेल तर चालकाने पाळकसाहेबांना सांगावं आणि मंडळीच्या गरजवंत निधीतून मदत व्हावी, म्हणजे देणारा-घेणारा समोरासमोर येत नाही. आणि साखळी पद्धतीने विकायच्या पावडरी, भांडी, विमा, काहीही गटाच्या बैठकीत विकू द्यायचं नाही. एकाला परवानगी दिली की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही.

बायबलच्या नव्या करारातलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, अध्याय सहा काढून पाहा. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी (येशूच्या मुख्य शिष्यांनी) कुरकुर करणाऱ्यांना गप्प बसवलं नाही, सात माणसं नेमली. त्या सातांची नावं ग्रीक आहेत हे ध्यानात घ्या. ज्यांची तक्रार होती त्यांच्या बाजूच्या माणसांच्या हाती वाटप गेलं. आपल्या मंडळीत जुनी मिशनची घराणी आणि नंतर आलेली कुटुंबं असा भेद असेल, तर मदत वाटणाऱ्या समितीत नंतर आलेल्यांतले किती आहेत हे मोजावं.

मेथडिस्ट_पुणे

खजिनदार साहेब, अगदी खरं. त्याला जोडून निवडणुकीचा विषय. पास्टरेट कमिटीची निवडणूक आली की घरगट म्हणजे तयार मतांचे गठ्ठे होतात. ज्या चालकाला उभं राहायचंय त्याने निवडणुकीच्या दोन महिने आधी गट उपचालकाकडे सोपवावा, आणि हे गट सुरू होतानाच लिहून ठेवावं. नंतर सांगितलं तर तो नियम एका माणसाविरुद्ध केल्यासारखा दिसतो.

शब्दसोबती

बाहेरचे वक्ते. स्पष्ट लिहितो, कारण यावरून फुटलेल्या गटांची संख्या कमी नाही. कुणीतरी 'एक फार अभिषिक्त बंधू आले आहेत' म्हणून पाहुणा आणतो. तिसऱ्या भेटीत तो विचारतो, तुमचा बाप्तिस्मा बालपणीचा की समजून घेतलेला? चार महिन्यांत पाच घरं नदीवर जाऊन पुन्हा बाप्तिस्मा घेऊन येतात आणि मंदिरात येणं बंद.

चालकाला याचं उत्तर माहीत हवं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च मिळून उत्तर भारतीय चर्च, म्हणजे सीएनआय, झालं. त्यांत बालकांना बाप्तिस्मा देणारेही होते आणि फक्त विश्वास कबूल करणाऱ्या मोठ्यांना देणारे बाप्टिस्ट व ब्रेदरेनही होते. दोन्ही पद्धती मान्य करून एकत्र येण्यासाठी अनेक वर्षं बोलणी झाली. म्हणजे हा प्रश्न कुणी विचारातच घेतला नव्हता असं नाही. एवढं शांतपणे सांगितलं तरी बरीच माणसं थांबतात. आणि नियम एकच: पाळकांना आधी कळवल्याशिवाय गटात बाहेरचा वक्ता नाही.

पाळकांच्या भेटीबद्दलही. प्रत्येक गटाला दोन महिन्यांतून एकदा जावं, पण गट चालकानेच चालवावा. पाळक बसले की सगळे त्यांच्याकडे बघतात आणि उत्तरं बंद होतात. शक्य असेल तर सतरंजीवर मागच्या बाजूला बसावं आणि शेवटी आशीर्वाद द्यावा. चालकांची महिन्यातून एकदा तासभर बैठक घ्यावी, वह्या बरोबर आणाव्यात.

सुवार्ता_ताई

व्हॉट्सअॅपवर एक ओळ: त्यावर फक्त तारीख, घर आणि उतारा. प्रार्थनेचे विषय टाकायचे नाहीत. 'अमक्या बहिणीच्या मुलीचं जमलेलं मोडलं, प्रार्थना करा' हा मजकूर तासाभरात गावातल्या सगळ्या मंडळ्यांत पोचतो. गटात सांगितलेलं गटातच राहील हे दर वेळी सुरुवातीला म्हणावं, महिन्यातून एकदा नव्हे.

मुलांना दुसऱ्या खोलीत बसवत असाल तर दोन मोठी माणसं, एकाच घरातली नसलेली, आणि दार उघडं. ओळखीचा, भक्तिमान, कुणीही असो, एकटा नको. यात सूट देऊ नका.

आणि शेजाऱ्यांना आधी सांगा. सोसायटीत किंवा चाळीत बारा जोडे दाराबाहेर दिसले की प्रश्न पडतोच. 'गुरुवारी आमच्या कुटुंबांची प्रार्थना असते, नऊला संपते' एवढं सांगितलं की बरं असतं. माइक नको, ढोलकी हळू.

नगरी_सेवक

एक राहिलं, मृत्यू. गटाची खरी कसोटी तेव्हा लागते, म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर हे आधीच लिहून ठेवा. पाळकांना फोन कोण करणार. डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला कोण आणणार, कारण त्याशिवाय दफनभूमीत पुढचं काही होत नाही. शवपेटी कुठे मिळते, त्यासाठी उंचीचं माप लागतं. कबर खोदणाऱ्याला कोण कळवणार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं, तेव्हा बादल्या आणि उपसायला दोन माणसं. बाहेरगावच्या पाहुण्यांची झोपायची सोय कुणाच्या घरी. घरात तीन दिवस चूल पेटवावी लागू नये म्हणून कोणत्या वेळचा डबा कोणत्या घरचा. नगरपालिकेत नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची असते, ती कोण बघणार. हे सगळं घरातल्या कर्त्या माणसाला त्या दिवशी विचारायची वेळ येऊ नये.

तीन दिवसांनंतर सगळे पांगतात. चाळिसाव्या दिवसाच्या आसपास आणि पहिल्या नाताळाच्या आठवड्यात त्या घरी जायची तारीखही तेव्हाच वहीत घालून ठेवा.

नाशिकरोड_तरुणसंघ

खूप उपयोग झाला. शेवटचा प्रश्न: गट वाढला की विभागायचा कधी? आमचे लोक म्हणतात, आत्ता कुठे जीव जडलाय, तोडू नका.

वसईकर

'तोडणं' हा शब्द वापरूच नका. पंधरा मोठी माणसं सलग सहा आठवडे येत असतील तर वेळ झाली. खूण अशी: नव्वद मिनिटांत चार-पाच जण एकदाही बोलत नाहीत. त्याआधी दोन महिने उपचालकाकडे गट चालवायला द्या, म्हणजे लोकांना त्याच्या हाताखाली बसायची सवय होते. मग मूळ चालकाने दोन-तीन घरं बरोबर घेऊन नव्या जागी जावं. आधीचा गट, आधीची जागा उपचालकाला राहू द्या. उलट केलं, म्हणजे नवख्याला नव्या जागी पाठवलं, तर महिन्याभरात सगळे परत जुन्या चालकाकडे येतात. दोन्ही गटांनी पहिले तीन महिने महिन्यातून एकदा एकत्र जमावं, डबे आणून.

पावसाळ्यात मात्र विभागू नका. लावणीच्या दिवसांत हजेरी तशीही निम्मी होते आणि गट फसला असं वाटतं. गणपती झाले की बघा.

सुवार्ता_ताई

आणि वही दोन करताना जुनी पानं फाडू नका. नव्या वहीत त्या घरांच्या मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी हाताने उतरवून घ्या. तासभर लागतो. आजींचा गुडघा, पोराची बारावी, कुणाचं ऑपरेशन कधी झालं, हे नव्या उपचालकाला पहिल्याच दिवशी माहीत असतं.